जुनी ९११ खाली घ्यायची आहे? आधी टायर ठरवा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे १९८२ सालची पोर्शे ९११ एससी आहे, मूळची अमेरिकेत विकली गेलेली. तिला १५ इंची फुक्स चाकं (पोर्शेची ओळखीची घडीव मिश्रधातूची चाकं) आहेत, पुढे ६ इंच रुंद आणि मागे ७ इंच. टायर कडक पडलेत. गाडी नाक वर करून उभी राहते आणि ते तुम्हाला खुपतं. १६ इंची चाकं बसवून टायर जमेल तितके रुंद घ्यावेत आणि गाडी "कुठे घासणार नाही, पण शक्य तितकी खाली" आणावी, असा तुमचा बेत आहे. टायर कोणत्या मापाचा आणि गाडी किती खाली, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

माझ्या मते हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. बरीच वर्षं या गाड्यांखाली आडवा पडून काम केल्यावर एवढं कळलं की उंची आधी ठरवून टायर नंतर घेणारा माणूस तेच काम दोनदा करतो.

गाडीला उंची दोन प्रकारची असते. एक डोळ्याला दिसते ती, म्हणजे मडगार्डची कड जमिनीपासून किती वर आहे. दुसरी सस्पेन्शनची, म्हणजे चाकाच्या मध्याच्या तुलनेत बॉडी कुठे आहे आणि सस्पेन्शनचे हात कोणत्या कोनात उभे आहेत. टायरचा व्यास कमी केला तर गाडी जमिनीच्या जवळ येते, पण हातांचा कोन जागच्या जागी राहतो. टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब) फिरवून गाडी खाली घेतली तर कोन बदलतात. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच खाली दिसतील, पण वळणात त्या अगदी वेगळ्या वागतील. म्हणून व्यासापासून सुरुवात करू.

तुमच्या गाडीचं मूळ माप पुढे १८५/७० आर १५ आणि मागे २१५/६० आर १५. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. पुढच्या टायरची साइडवॉल १८५ च्या ७० टक्के, म्हणजे १२९.५ मिमी. वर-खाली मिळून २५९, त्यात रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिळवले की व्यास ६४०. मागचा टायर ३० मिमी रुंद, पण त्याची साइडवॉल १२९ मिमी, म्हणून व्यास ६३९. हा योगायोग नाही. टायर पुढे अरुंद आणि मागे रुंद ठेवूनही गाडीची बैठक बिघडू नये म्हणून ही जोडी तशी निवडलेली आहे. आता १६ इंची जोडी बघा. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ आणि २२५/५० आर १६ चा ६३१. पुन्हा दोन्ही जवळजवळ सारखे, आणि १५ इंची जोडीपेक्षा ८ मिमीने कमी. व्यासाचा निम्मा फरकच उंचीत उतरतो, म्हणून चाकं बदलून गाडी फार तर ४ मिमी खाली येईल. चाक मोठं दिसेल, साइडवॉल बारीक दिसेल, पण गाडी होती तिथेच. "१६ इंची टाकली तरी गाडी उंचच दिसते" ही तक्रार इथूनच येते.

याच्या उलट टोकाला २०५/५० आर १५ आहे. त्याचा व्यास ५८६. हा टायर चारही चाकांना घातला तर गाडी साधारण २७ मिमी खाली येते आणि सस्पेन्शनला हातही लावावा लागत नाही. गिअर आखूड झाल्यासारखे वाटतात, गाडी चपळ होते, म्हणून मैदानात मांडलेल्या शंकूंभोवतीच्या छोट्या शर्यतींत धावणाऱ्यांना हे माप आवडतं. पण खऱ्या १०० च्या वेगाला स्पीडोमीटर १०९ दाखवू लागतो, लांबच्या प्रवासात इंजिन सतत जास्त फेऱ्यांवर राहतं आणि मडगार्डखालची पोकळी आणखी भकास दिसते. रोजच्या रस्त्यासाठी मी हे सुचवणार नाही.

आता रुंदी. इथे फुक्स चाकांची एक गंमत सांगायलाच हवी. ऑफसेट म्हणजे चाक हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे ते अंतर. ६ इंची चाकाचा ऑफसेट ३६ मिमी, ७ इंचीचा २३.३ आणि ८ इंचीचा १०.६. प्रत्येक चाकाची निम्मी रुंदी घ्या आणि तिच्यात ऑफसेट मिळवा: ७६.२ अधिक ३६, ८८.९ अधिक २३.३, १०१.६ अधिक १०.६. तिन्ही वेळा उत्तर ११२.२. म्हणजे हबच्या पृष्ठभागापासून आतली कड तिन्ही चाकांत एकाच जागी आहे आणि वाढलेला प्रत्येक इंच पूर्णपणे बाहेरच्या बाजूला जातो. आतल्या बाजूला काही लागेल ही भीती सोडा. अडचण येईल ती मडगार्डच्या कडेला. (७ इंचीत ४९ ऑफसेटचं एक जुनं दुर्मिळ चाकही आहे. ते तुम्हाला सहज सापडणार नाही आणि सापडलं तर त्याच्यावर टायर चढवण्याऐवजी तुम्ही ते कपाटात ठेवाल.)

याचा अर्थ असा की मागची ७ इंची चाकं उचलून पुढे लावली तर चाकाची बाहेरची कड २५ मिमी आणि मध्यरेषा जवळजवळ १३ मिमी बाहेर सरकते. स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं त्याच्यापासून टायर तेवढा लांब जातो. तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. त्यामुळे प्रत्येक खाचखळगा हाताला जास्त जाणवेल, ब्रेक मारताना एका चाकाखाली वाळू आली तर स्टिअरिंग जास्त ओढेल आणि गाडी उभी करताना दंड भरून येतील. लोक हे करतात, आणि पुढे ७ इंची चाक छान दिसतं हेही खरं. पण ९११ च्या स्टिअरिंगची जी बोलकी पकड आहे, तिचा बराच भाग त्या अरुंद पुढच्या चाकात आहे.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या गाडीचं जवळजवळ ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, आणि त्यातलं इंजिन तर मागच्या आसाच्याही पलीकडे लटकलेलं. पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर हा दिखाव्याचा भाग नाही. मर्यादेजवळ आल्यावर आधी पुढची चाकं सुटावीत आणि मागची नंतर, यासाठी केलेली ती तजवीज आहे. पुढची पकड वाढवत नेली आणि मागची तेवढीच ठेवली, तर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागची बाजू पुढे यायला बघते. म्हणून रुंदी वाढवायची असेल तर जोडीने वाढवा, किंवा फक्त मागची.

माझं मत विचाराल तर पर्याय दोनच. गाडी रस्त्यावर मजेत चालवायची असेल तर १५ इंची चाकंच ठेवा: पुढे १८५/७०, मागे २१५/६०. पुढे १९५/६५ आर १५ घातला तरी चालतो. त्याचा व्यास ६३४ च्या आसपास आहे आणि या मापात निवडीला वाव खूप असतो. मागच्या २१५/६० ची मात्र आज वानवा आहे. पिरेलीने सीएन ३६ हा जुन्या धाटणीचा टायर जुन्या गाड्यांसाठी पुन्हा आणला, तो या दोन्ही मापांत बनतो. दुसरा पर्याय १६ इंची: पुढे ६ इंच रुंद चाकावर २०५/५५, मागे ७ इंचावर २२५/५०. कारखान्याने स्वतः दिलेली ही जोडी, त्यामुळे गाडीला ती परकी नाही. मागे ८ इंची चाकावरही २२५/५० चांगला बसतो. १९८९ च्या ३.२ कॅरेराला (एससीनंतरच्या ९११ ला) कारखान्यातून तसंच येत असे. पण मग तुमच्या मडगार्डची आतली कड तपासून बघा. २४५/४५ विसरा. ते माप १९८६ पासूनच्या टर्बोच्या ९ इंची मागच्या चाकांचं, आणि त्या गाडीला मडगार्डही तसेच फुगीर होते.

टायरवर छापलेल्या रुंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो आकडा एका ठराविक रुंदीच्या रिमवर मोजलेला असतो. रिम अर्धा इंच बदलली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने बदलते. त्यात एका कंपनीच्या टायरचा खांदा चौकोनी, दुसरीचा गोल. कागदावर एकच माप असलेले दोन टायर, एक मडगार्डला लागतो आणि दुसरा लागत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. शंका असेल तर मडगार्डच्या आतल्या कडेला चिकणमातीची वळकटी चिकटवा, गाडीत दोन वजनदार माणसं बसवा, खडबडीत रस्त्यावरून सावकाश एक फेरी मारा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा. माती किती दबली ते बघून कळतं.

वजन-क्षमता आणि वेग-श्रेणी मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. या गाडीसाठी व्ही श्रेणी सांगितलेली होती; आजच्या टायरवर व्ही म्हणजे २४० किमी ताशीपर्यंत. आणि टायर नवा म्हणून विकत घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुन्या मापांचे टायर गोदामात वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांचं नक्षीकाम कोरं असतं आणि रबर मात्र लाकूड झालेलं. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे. त्याला हात लावू नका.

आता उंची. अमेरिकेला गेलेल्या गाड्या तिथल्या बंपरच्या नियमांमुळे युरोपातल्या गाड्यांपेक्षा उंच बसवलेल्या असत. त्यामुळे तुमच्या गाडीचं नाक वर असणं हा बिघाड नाही, आणि तिला युरोपीय उंचीवर आणणं म्हणजे तिच्या मूळ आराखड्याकडे परत नेणं. हे जरूर करा. छंदी लोकांत मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे साडेपंचवीस इंच आणि मागे पंचवीस असे आकडे फिरतात. अंदाजासाठी ते ठीक आहेत, पण त्यांवर काम करू नका. टायरचा व्यास बदलला की ते खोटे ठरतात, आणि चाळीस वर्षांच्या गाडीचा एखादा मडगार्ड कधीतरी बदललेला, ठोकून सरळ केलेला असतो. एका गाडीच्या डाव्या-उजव्या मडगार्डांत मी १० मिमीचा फरक मोजलाय, आणि सस्पेन्शन मात्र अगदी सारखं होतं.

कारखान्याची पद्धत टायरवर अवलंबूनच नाही. पुढे चाकाचा मध्य जमिनीपासून किती आणि टॉर्शन बारचा मध्य जमिनीपासून किती हे मोजायचं आणि वजाबाकी करायची. ती १०८ मिमी यायला हवी, ५ मिमी इकडेतिकडे. गाडी खाली गेली की हा आकडा वाढतो. मागचा आकडा सालाप्रमाणे बदलतो, तो तुमच्या सालाच्या कार्यशाळा-पुस्तिकेतून घ्या. मोजण्याआधी टायरमध्ये हवा ठरलेली हवी, जमीन सपाट हवी आणि गाडी जॅकवरून उतरवल्यानंतर काही मीटर पुढे-मागे ढकललेली हवी. जॅकवरून उतरवल्यावर टायर तिरपे रुतून बसतात आणि गाडी खोटी उंच दिसते. हे न केल्याने लोक अर्धा दिवस बोल्ट फिरवत बसतात.

यापेक्षा खाली गेलं तर काय बिघडतं? सगळ्यात आधी पुढचा खालचा हात. त्याचं बाहेरचं टोक, म्हणजे बॉल जॉइंट, आतल्या बिजागरीपेक्षा किंचित खाली असायला हवं. तेव्हा वळणात सस्पेन्शन दबलं की चाक वरच्या बाजूने आत झुकतं आणि टायर रस्त्यावर सपाट टेकतो. हात आडवा होऊन उलट्या दिशेला चढू लागला की ती मदत संपते. शिवाय अशा स्ट्रट (चाकाला धरणारा उभा दांडा) सस्पेन्शनमध्ये गाडी जितकी खाली जाते, त्यापेक्षा तिच्या कलण्याचा केंद्रबिंदू जास्त वेगाने खाली जातो. गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांच्यातलं अंतर वाढतं आणि खाली आणलेली गाडी वळणात आधीपेक्षा जास्त कलते. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, चालवणाऱ्याला पटतं.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि खालचा हात हे दोघे आपापल्या कमानीत वर-खाली फिरतात. दोघांचे कोन जुळलेले असले तर चाक वर-खाली जाताना दिशा बदलत नाही. गाडी खाली घेतली की ते जुळणं बिघडतं. माझ्या पहिल्या ९११ ला मी हौसेने इतकं खाली घेतलं होतं की टायर आणि मडगार्डमध्ये बोट जेमतेम जायचं. सपाट रस्त्यावर झकास चालायची. मग एका उतरत्या वळणात रस्ता मधोमध खचलेला होता आणि स्टिअरिंग मी न वळवता एकदा इकडे, एकदा तिकडे वळलं. हात घट्ट होते म्हणून निभावलं. त्याच आठवड्यात गाडी वर घेतली. यावर स्टिअरिंग रॅकखाली ठेवायच्या पट्ट्या मिळतात आणि त्या थोडं सावरतात. शर्यतीच्या गाड्यांत चाक ज्याच्यावर फिरतं तो अक्षच स्ट्रटवर वर चढवतात, ते खरं औषध. पण युरोपीय उंचीवर यातलं काहीच लागत नाही.

तिसरी गोष्ट, उरलेली हालचाल. गाडी २५ मिमी खाली घेतली तर दबण्यासाठीची जागा तेवढीच कमी झाली. मग वळणात गचका बसला की हात रबरी बंप स्टॉपवर आदळतो आणि त्या क्षणापुरती स्प्रिंग एकदम दगडासारखी होते. पुढे झालं तर गाडी सरळ बाहेर जाते, मागे झालं तर मागचं टोक निसटतं. हे टाळायला जाड टॉर्शन बार घालतात. इथे जरा जपून. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. पुढचा मूळ १८.८ मिमीचा बार काढून २१ चा घातला तर दिसायला फरक दोन मिमीचा, पण कडकपणा दीडपटीहून जास्त. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावे लागतात, मागचे बारही बदलावे लागतात, आणि "जरा खाली घेऊ" म्हणून सुरू झालेलं काम पूर्ण सस्पेन्शनवर जातं. ते वाईट नाही, पण ते ठरवून करा, घसरत घसरत तिथे पोहोचू नका.

प्रत्यक्ष कामात पुढची बाजू सोपी आहे. टॉर्शन बारच्या टोकाला तरफ आणि तिच्यावर एक बोल्ट. तो फिरवा, गाडी ढकला, मोजा. मागे मात्र टॉर्शन बारला दोन्ही टोकांना दाते आहेत, आत ४० आणि बाहेर ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा ८.१८. आत एक दाता एका दिशेला आणि बाहेर एक दाता उलट दिशेला सरकवला की निव्वळ फरक पाऊण अंशाहून थोडासाच जास्त उरतो. फार सुंदर युक्ती आहे, पण गाडीखाली पाठीवर पडून दाते मोजताना तिचं सौंदर्य कमी जाणवतं. सुदैवाने तुमच्या सालाच्या गाडीत स्प्रिंग प्लेटवर (टॉर्शन बारला मागच्या हाताशी जोडणाऱ्या पट्टीवर) बारीक फरकासाठी वेगळा एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य एका बाजूला असलेला, बोल्ट आहे. दाते सोडवायच्या आधी तो दोन्ही बाजूंना किती फिरायचा उरलाय ते बघा. बऱ्याचदा तेवढ्यातच काम भागतं. आणि मागची बाजू उघडलीच तर स्प्रिंग प्लेटचे रबरी बुश त्याच वेळी बदला. फाटलेल्या बुशवर बसवलेली उंची टिकत नाही.

पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवा, दाराखालच्या कडेवर मोजून साधारण एक अंश. वेगात या गाडीचं नाक हलकं होतं, ते वर असण्यात काही फायदा नाही.

उंची झाली की प्रत्येक चाकाखाली एक अशा चार वजनकाट्यांवर वजन करून घ्या. चालवणाऱ्याइतकं वजन त्याच्या जागी ठेवा, टाकी अर्धी भरा, अँटी-रोल बारचे दुवे सोडवा. एका कोपऱ्याचा बोल्ट फिरवला की तो कोपरा आणि त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा या जोडीचं वजन वाढतं आणि दुसऱ्या जोडीचं तेवढंच कमी होतं. दोन तिरक्या जोड्यांची बेरीज जवळजवळ सारखी आली की थांबा. त्यासाठी डाव्या-उजव्या उंचीत तीन-चार मिमी फरक राहिला तरी राहू द्या. डोळ्याला बरोबर आणि काट्यावर चूक असलेली गाडी ब्रेक मारल्यावर एकच पुढचं चाक आधी लॉक करते. अलाइनमेंट याच्यानंतर, आधी नाही, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) दोन्ही बदलतात. एका गॅरेजने माझ्या गाडीचं आधी अलाइनमेंट केलं आणि मग उंची "जरा जुळवून दिली". दोन महिन्यांत मागच्या टायरची आतली कड तारेपर्यंत गेली आणि बाहेरून टायर नवाकोरा दिसत होता.

तुम्ही स्पेसरबद्दल (चाक आणि हब यांच्यामध्ये घालायच्या चकतीबद्दल) शेवटी एक ओळ लिहिली होती. मागे ७ इंची चाक जरा आत गेल्यासारखं दिसतं म्हणून बारीक स्पेसर घालायचा असेल तर स्टड लांब घ्या आणि नट किती आटे पकडतोय ते मोजा. पुढे घालू नका. वर १३ मिमीबद्दल जे लिहिलं, तेच तिथे होतं.